आक्काच्या गळ्याची हळद

आक्काच्या गळ्याला हळद लावायला कुणी सांगितलं होतं, ते आधी सांगा. कपाळाला लावतात, हातापायाला लावतात, ते मला कळतं. आजवर पुष्कळ बायका मी माझ्या हातानं शेवटच्या न्हाऊ घातल्या आहेत. पण कानाच्या पाळीपासून खाली हाडापर्यंत, भिंत लिंपावी तशी जाड हळद कुठल्या सवाष्णीला लावतात? ते न सांगताच तुम्ही मरून गेलात. तुम्ही आम्हा दोघी बहिणींचे बाप, म्हणून आता आबा म्हणते. मान ठेवायचा असेल तर तो नंतर ठेवीन, आधी हे.

मी चौथीपर्यंत शिकले, तीही धड नाही. पुढची शाळा गावात नव्हती आणि पोरीनं पुढं शिकून काय करायचं, हे तुमचंच बोलणं. त्यामुळं अक्षर असं आहे. लेकाच्या वर्कशॉपमधून दरसाल एक फुकटचं कॅलेंडर येतं, त्याची मागची बाजू कोरी असते, त्यावर लिहिते आहे. आता मी लेकाकडं कुपवाडला असते. तो लेथवर काम करतो. सकाळी भोंगा झाला की सगळी आळी फटफट्या काढून निघते आणि मग दिवसभर लोखंड कापल्याचा आवाज. तुम्हाला इथं एक दिवस करमलं नसतं. मलाही करमत नाही, पण मला विचारतंय कोण.

लिहायला बसले ते नातीमुळं. माझ्या लेकाची लेक, तुमची पणती. तुम्ही तिला बघितली नाहीत. तिला सांगलीत नोकरी लागली आहे, कंत्राटावरची, पण लागली. कुठं मढं सापडलं, कुणी कुणाला मारलं, की पोलिसांच्या मागोमाग एक गाडी जाते, त्या गाडीतून ही जाते. रक्ताचा डाग, बोटाचा ठसा, केस, माती, काच, जे असेल ते चिमट्यानं उचलायचं, पुडीत घालायचं, वर लाख लावायची आणि तपासायला पाठवायचं. ती फॉरेन्सिक म्हणते. मी मढ्याची नोकरी म्हणते. आधी चिडायची, आता चिडत नाही.

शिकत होती तेव्हा सुट्टीला आली की माझ्या घासलेल्या डब्यांवर काळी पावडर मारायची. बुरूश घेऊन अशी बसायची, जणू डब्याची दाढीच करायची आहे. एकदा ओरडत आली, "आजी, लाडवाच्या डब्यावर पप्पांचा ठसा गावला! रोज कोण खातंय ते कळलं."

"ते मला पावडरीबिगर कळत हुतं," मी म्हणाले. "डबा घासून ठेव आता."

रेशनच्या दुकानात मशीन माझा अंगठा घेत नाही, म्हणून तिनं भिंगातून माझी बोटं बघितली. म्हणाली, "आजी, रेषाच न्हाईत गं. झिजल्यात सगळ्या." मी म्हणाले, "मग घरात कुणाला मारायचं असलं तर मला सांगा. पोलिसास्नी काय गावायचं न्हाई." लय हसलो त्या दिवशी. त्याच भिंगातून तिला माझ्या उजव्या तळव्यावरचा वण दिसला.

"हे कशाचं?"

"विळ्याचं."

"विळ्याचा वण असा नसतो. हे टोचून आत गेलंय काहीतरी."

मी हात काढून घेतला. म्हणाले, शिकून आलीस तर आल्या आल्या घरातल्यांच्या चौकशा नको.

नोकरी लागल्यावर भावकीची तोंडं वाकडी झाली. रहिमतपूरकडचं एक स्थळ आलं होतं, मुलगा मिलिटरीत. मुलाच्या आईनं पोहे खाल्ले, बशी खाली ठेवली आणि विचारलं, "मड्याला हात लावून आल्यावर चुलीला हात लावती का हो ही?" मी म्हणाले, "लावती की. आत्ता खाल्लेलं पोहं तिनंच केल्यात." चहा न घेता गेली ती माणसं. मुलगा बंदूक धरतो, त्याला कुणी विचारत नाही भाकरीला हात लावतोस का म्हणून.

हे सगळं ठीक होतं, आबा. यावर मी तुम्हाला कागद लिहिला नसता. पण एकदा जेवताना ती म्हणाली, "आजी, आमच्या कामात सगळ्यात मोठा माणूस कोण, म्हाईत हाय? डॉक्टर न्हाई, फौजदार न्हाई. जो पहिला पोचतो तो. त्यानं कशाला हात लावला, कुणाला लावू दिला, त्यावर पुढचं सगळं असतं." माझा घास हातात राहिला. तुम्ही गावचे पोलीसपाटील होता. गावात काही झालं की पहिला माणूस तुम्ही. कडेगावहून पोलीस येईपर्यंत जागा राखायची, कुणाला जवळ फिरकू द्यायचं नाही, हेच तुमचं काम होतं. आणि तुम्ही ते करायचात. माळावर एका परगावच्या मेंढक्याचं प्रेत सापडलं होतं, आठवतंय? दिवसभर उन्हात काठी घेऊन बसला होतात. मी भाकरी घेऊन आले तर लांबूनच ओरडलात, "तितंच थांब! पाऊल टाकू नगंस. कुणाची पावलं हाईत ती मोडतील." मी भाकरी दगडावर ठेवून मागं फिरले. मला केवढा अभिमान वाटला होता. ज्याला नाव-गाव नाही, त्याच्यासाठी माझा बाप जमीन राखत बसलाय.

मागल्या आठवड्यात नातीची गाडी एका गावाला गेली. नाव लिहीत नाही. आपल्या गावापासून लांब नाही, पूर्वीचा कोरडा माळ होता तिथं आता ऊस आहे, स्लॅबची घरं आहेत, दारात गाड्या आहेत. घरातली थोरली सून गेली होती. तिनं फास लावून घेतला असं सासरचे म्हणत होते. ही पोचली तेव्हा बाई खाली काढलेली, न्हाऊ घातलेली, हिरवं लुगडं, हातभर हिरवा चुडा, मळवट भरलेला. आणि गळ्याला हळद. घराला शेणाची जमीन नाही आता, फरशी आहे, ती फिनेलनं पुसून लख्ख केलेली. ही म्हणाली, "मावशी, आम्ही येईपर्यंत कुणी हात लावायचा नव्हता." तर एक म्हातारी, माझ्याच वयाची असेल, अंगावर आली, "सवाष्ण हाय ती! भरल्या कपाळानं गेली. तशीच उघडी-बोडकी पाठवायची व्हय गं? तुला आई हाय का न्हाई?"

हे सांगताना नात म्हणाली, "आजी, त्या बायका खोटं रडत नव्हत्या गं." ते मला सांगायला नको. मला माहीत आहे. त्यातल्या एखाददुसरीला काही झाकायचं असेल. बाकीच्या रडत रडत, मायेनं हळद लावत होत्या. नवऱ्याआधी गेली, भाग्याची गेली, तिचा मान राहिला पाहिजे. झाकायचं ज्याला होतं त्याला काही करावंच लागत नाही, आबा. आम्ही बायका मानानं सगळं झाकून देतो.

तरी पोरीनं शोधलं. न्हाणीच्या जाळीत तिला लाल बांगडीचे तुकडे मिळाले. अंगावर तर सगळ्या हिरव्या, कोऱ्या. तुकडे पुडीत घातले, लाख लावली. पंच म्हणून सही करायला गावातलं कुणी पुढं येईना. आले ते दोघं, त्यातला एक नवऱ्याचाच चुलतभाऊ. मढं दवाखान्यात गेलं, आतलं काढून राखून ठेवलंय म्हणतात, तपासणी व्हायची आहे. राखून ठेवायला ते काय लोणचं आहे? आणि पोरीचा बाप गोठ्याजवळ टोपी हातात घेऊन बसलेला. त्यानं पोलिसांना सांगितलं, "माजी काय तक्रार न्हाई." नातीचं काम नव्हतं ते, पण ती त्याच्याजवळ गेली. म्हणाली, "काका, तुमची पोरगी हाय हो." तेव्हा तो तिच्याकडं न बघता बोलला, "धाकटी बी ह्याच घरात दिल्या, बाई. धाकट्या दिराला. तू काचा घिऊन गाडीत बसशील. ती कशात बसंल?"

त्या दिवसापासून पोरगी नीट जेवलेली नाही. आणि त्या दिवसापासून आक्का माझ्यासमोर तशीच पडलेली आहे, विहिरीच्या काठावर.

उन्हाळा होता. मी बारा-तेरा वर्षांची. आक्काचं लग्न होऊन दोन पावसाळे झाले होते. तिला लांब कुठं दिली नव्हती, गावातच, तुमच्या सख्ख्या बहिणीच्या घरात, आत्तीच्या लेकाला. घरचं घरात राहील, पोरगी डोळ्यांसमोर राहील, असं तुम्ही म्हणाला होतात. तुम्ही सोप्यात चहा पिताय आणि आत्तीचा धाकटा पळत येतो, "मामा, वैनी हिरीत पडली." तुम्ही पुढं, मी मागं. आपण पोचतो तोवर तिला वर काढलेली आहे. केस मोकळे. तुम्ही तिच्याजवळ बसता. गळ्यावरचा ओला पदर जरा बाजूला करता. मी तुमच्या खांद्याआडून बघते. तुम्हाला जे दिसलं ते मलाही दिसलं. तुम्ही पदर परत होता तसा ठेवता. मग मान वर करून आत्तीकडं बघता. आत्ती विहिरीकडं बघत असते.

मला वाटलं, आता तुम्ही काठी मागवणार. आता सगळ्यांना लांब उभं करणार. तुम्ही उठलात, धोतराची माती झटकलीत आणि बायकांना म्हणालात, "आवरा बिगी बिगी. सवाष्ण हाय, मानानं जाऊ द्या. घर सारवून घ्या."

सारवायला मला लावलं. मोठ्या बायका तिला न्हाऊ घालत होत्या, पोरींच्या वाटणीला घर आलं. मी आत्तीच्या स्वयंपाकघरात शेणाचा हात फिरवत होते. चुलीच्या वैलाजवळ तळव्यात काहीतरी घुसलं. लाल काच. बांगडीची. विहीर तिथून पार मळ्यात, आबा. मी रक्ताचा हात घेऊन तुमच्याकडं आले. म्हणाले, "आबा, काच." तुम्ही ती नखांनी ओढून काढलीत, उकिरड्यावर भिरकावलीत, आणि डोक्यावरच्या फेट्याची चिंधी फाडून माझ्या हाताला बांधलीत. चांगला फेटा होता, बाजारात मिरवायचा. माझ्यासाठी तो फाडताना तुम्हाला क्षणभर लागला नाही. गाठ मारलीत आणि म्हणालात, "जा, राह्यलेलं सारव."

मी परत आले तोवर तिला नवा चुडा भरला होता, आणि गळा पिवळा झाला होता. ती हळद तुम्ही सांगितलीत, आत्तीनं सांगितली, की कुणीच सांगितली नाही, आपोआप लावली गेली, एवढंच मला अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी कडेगावहून हवालदार आला सायकलवरून. सारवलेल्या जमिनीवर त्याला पाट दिला, चहा दिला. तो म्हणाला, "पाटील, वाईट झालं. काय लिवायचं?" तुम्ही सांगितलंत, "पानी वडताना पाय घसरून पडली. पोरगी माजीच हाय. माजी काय तक्रार न्हाई." त्यानं लिहून घेतलं. माझा हात ठणकत होता. मी भिंतीला टेकून बघत होते की तुम्ही एकदा तरी माझ्याकडं बघता का. बघितलं नाहीत.

हे इथं संपलं असतं तर मी म्हणाले असते, म्हातारा भोळा होता, बहिणीवर विश्वास ठेवला. पण वर्ष भरलं आणि आत्ती आली. तुम्ही जेवत होता, आई भाकरी थापत होती. आत्ती उंबऱ्यात बसून म्हणाली, "दादा, थोरली गेली ती गेली. पोराचं हाल हुत्यात. आता धाकटी द्या. सोयरीक तुटाया नगं." आईचा हात परातीत थांबला. चुलीवरची भाकरी करपल्याचा वास येतोय, कुणी उलटत नाही.

"न्हाई," तुम्ही म्हणालात.

"का रं? माज्या पोरात काय खोट हाय?"

"न्हाई म्हंजे न्हाई."

"मग थोरली कशी दिलीस?"

तुम्ही ताटातच हात धुतलेत. अर्धी भाकरी पाण्यात भिजली. त्यानंतर तुम्ही आत्तीच्या घरी दिवाळीला गेलात, तिच्या हातचं जेवलात, तिच्या लेकाला भाचा म्हणून जवळ बसवलंत, पण मला दिलं नाहीत. मला दिलीत पार साताऱ्याच्या अंगाला, रहिमतपूरला, जिथं आपलं कुणी नव्हतं. आई म्हणाली, इतकं लांब? तुम्ही म्हणालात, लांबच बरं. माझा नवरा तोंडाचा वाईट होता आणि मी त्याच्याहून वाईट, रोज भांडलो, पण त्यानं हात कधी उचलला नाही. मी म्हातारी झाले, नातवंडं बघितली. ते तुमच्या त्या "न्हाई" मुळं.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. हवालदाराला सांगितलेलं खोटं आणि आत्तीला सांगितलेलं खरं. आक्काच्या मरणाचा काही पुरावा या जगात उरला असेल तर तो मीच आहे, रहिमतपूरला नांदलेली. पण हे कुठल्या पुडीत घालायचं आणि त्याला लाख कशी लावायची? बरं, त्या गोठ्याजवळच्या माणसाला निदान कारण होतं. त्याची धाकटी त्या घरात आहे. तुमची धाकटी तर तुमच्या घरात होती, तुमच्या फेट्याची चिंधी हाताला बांधून. तुम्हाला कशाची भीती होती? बहिणीची? गावाची? पाटीलकीची? मी लय वर्षं वेगवेगळी कारणं लावून बघितली. एकही नीट बसत नाही. मेंढक्याची पावलं राखणारा माणूस पोटच्या पोरीचं घर सारवून घेतो, हे मला या वयातही जुळवता येत नाही.

काल संध्याकाळी नात दाराच्या पायरीवर बसली होती. कारखान्यातली माणसं घरी चालली होती, कुणी हात केला तरी तिचं लक्ष नव्हतं. म्हणाली, "सोमवारपासनं जात न्हाई मी." लेक आतून ओरडला, "मग पॅकिंगला लाग कुटंतरी. शिकवलं ते पान्यात." मी त्याला गप्प केलं आणि तिच्याजवळ बसले. काच लाल होती, हिरवी नव्हती, एवढं तिला सोमवारी लिहून द्यायचं आहे. लिहिलं तर ती धाकटी त्या घरात एकटी. नाही लिहिलं तर आक्का पाय घसरून गेली तशी ती थोरली फास लावून गेली. आणि लिहूनही काय? पुडी कुठल्या तरी फळीवर पडून राहणार. निकाल येईल तोवर हिचं कंत्राट संपलेलं असेल, पंच फिरलेले असतील, आणि धाकटीला एक तर पोरं झालेली असतील, नाहीतर तिच्याही गळ्याला बायका हळद लावत असतील. मी पोरीला धीर द्यायला बसले होते आणि माझ्याकडं द्यायला काही नव्हतं.

तीच म्हणाली, "आजी, तुझ्या उभ्या जन्मात एखादीचं तरी बाहेर आल्यालं बघितलंस का गं?"

मी आठवून बघितलं. खरंच बघितलं, उगाच नाही. एकही नाही.

मग ती म्हणाली, "तुझी थोरली बहीण तू लहान असतानाच गेली म्हणतीस. ती कशानं गेली?"

हीच वेळ होती. सगळं तोंडाशी आलं होतं, विहीर, चूल, काच, तुमचा फेटा. तिला काय करायचं ते कदाचित त्यावरच ठरलं असतं. आणि मी म्हणाले, "पानी वडताना पाय घसरून पडली." तुमचं वाक्य, आबा. शब्दसुद्धा बदलला नाही. इतकी वर्षं तुम्हाला शिव्या घातल्या आणि माझ्या तोंडातून तुम्हीच निघालात.

तिनं माझा उजवा हात घेतला, तळवा उजेडाकडं धरून बघितला आणि परत माझ्या मांडीवर ठेवला, होता तसा.

सोमवारी ती जाईल की नाही, माहीत नाही. मी जा म्हणणार नाही, नको जाऊ असंही म्हणणार नाही. हे कागद सकाळी बंबात घालीन, तेवढंच पाणी तापेल. आणि जिथं आहात तिथून काही कळवायचंच असलं तर तुम्ही बोलायचं नाही, आबा. आत्तीनं नाही, आईनंही नाही. तुम्ही एकदा तिच्या वतीनं बोललात, तेवढं बास. तुम्ही काठी घेऊन लांब उभे राहा, कुणाला तिच्याजवळ येऊ देऊ नका, आणि उत्तर आक्कालाच देऊ द्या.